ओळखीची तडतड

"आई, मी गं," अशी दाराबाहेरूनच हाक देऊन लेक आत यायची. मेंदूज्वरातून उठल्यापासून आईला चेहरे ओळखू येईनात. डोळे ठणठणीत होते. नाक, हनुवटी, कपाळावरचा तीळ, सगळं दिसे. पण त्या सगळ्याचं मिळून माणूस होत नसे.

"बोललीस की तू. गप्प बसलीस की कोण जाणे कोण बाई," आई म्हणे.

लेक बस चालवायची. "दिवसभर प्रवासी माझं तोंड बघत नाहीत. घरी आता तूही नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर.

आजारानं मागे झटके ठेवले होते. ते कुठून उठतात हे शोधायला सर्जननी आईच्या मेंदूत केसाएवढ्या बारीक तारा घातल्या होत्या. मी मेंदूची संशोधक; त्याच तारांवरून मेंदूतल्या एकेका पेशीचं काम ऐकत असे. पेशी जागी झाली की स्पीकर तडतडतो. झटक्यांचा उगम सापडला होता. मेंदूचा तेवढा तुकडा दुसऱ्या दिवशी काढायचा होता.

"त्या तुकड्यात मी असेन तर?" लेकीनं मला विचारलं. "मग नाही कापू देणार. झटके मी सांभाळीन."

एका चेहऱ्याची एकच पेशी नसते, आपण ऐकतो त्या मूठभर, हे मी समजावलं. तिनं मान डोलावली आणि स्वतःचा फोटो पुढे केला.

आई पलंगावर, समोर पडदा. आम्ही दोघी काचेपलीकडच्या खोलीत. अनोळखी चेहरे सरकत गेले, स्पीकर गप्प. मग लेकीचा फोटो आला आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो तडतडला.

"ओळखलंत?" मी माइकवर विचारलं.

"नाही बाई. कोण आहे?"

मधे दुसरे चेहरे घालून मी तो पुन्हा दाखवला. पुन्हा तडतड. लेक रडायलाच लागली. "तिला माहीत नाही, पण मी आहे! आहे ना?"

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आईच्या खोलीत आले. आईनं त्यांना कधीच पाहिलेलं नव्हतं. ते तोंड उघडण्याआधीच स्पीकर तडतडला. तसाच. तेवढाच.

त्यांचा चष्मा जाड काळ्या फ्रेमचा होता. लेकीचा हात आपल्या तशाच चष्म्याकडे गेला; फोटोतही तोच होता. माझ्या अनोळखी चेहऱ्यांपैकी एकालाही चष्मा नव्हता. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

डॉक्टर गेल्यावर लेक आत गेली. हाक न देता आईसमोर उभी राहिली. तडतड. चष्मा काढला. काही नाही. घातला. तडतड. पुन्हा काढला, आणि तशीच उभी राहिली. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

आई सभ्यपणे हसली. "बाई, जरा बाहेर बघता का? माझी मुलगी बसली असेल."

ती माझ्याकडे परत आली.

"दुसऱ्या पेशींत कुठेतरी..." मी सुरुवात केली.

"राहू द्या. उद्या कापू द्या त्यांना."

चष्मा तिनं माझ्या टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि दाराशी जाऊन हाक दिली, "आई, मी गं."

"ये, ये! आत्ताच कुणी बाई येऊन गेली. बोलेना की चालेना, चष्मा नुसता काढत-घालत होती. कुणाला तरी शोधत असावी बिचारी."