फोल्डिंग खातं : शून्य

अंदाज, सकाळचा.

सुरतेच्या बमरोलीतलं बंद पडलेलं, कापड रंगवायचं प्रोसेस हाऊस. बॉयलर खातं : साठ माणसं. वाफेच्या पाइपांवर अॅस्बेस्टॉसच्या गाद्या बांधलेल्या. येत्या वीस वर्षांत त्यांच्या धुळीने होणाऱ्या कॅन्सरने मरतील : चार ते सात.

फोल्डिंग खातं : कापडाच्या घड्या घालायचं, दोन भिंतींपलीकडे. धूळ नाही. मरतील : शून्य.

शून्यवाल्यांना दरवर्षीची फुकट छातीची तपासणी मिळणार नव्हती. ते उद्या ठरणार होतं, या आकड्यांवरून. आकडे प्रज्ञाने काढले होते; कामगारांच्या आजारांचा हिशेब मांडणं हे तिचं काम.

एक खात्री करून घ्यायची राहिली होती. म्हणून ती भाऊरावांच्या खोलीवर गेली. भाऊराव बॉयलरवर होते, त्यांची बायको आनंदी फोल्डिंगला.

"काका, गाद्या कितीदा उघडायचे?"

"शेठ वर्षातनं एकदा. आम्ही दर बुधवारी."

"का?"

"भरीत!"

(इथे गणित थांबतं.)

वांगी भुसावळहून यायची, भरताचीच, पोपटी, हातभर. गावी ती कपाशीच्या वाळलेल्या काट्यांच्या जाळावर भाजतात. सुरतेत काट्या कुठल्या? मग पाइपाची गादी सोडायची, वांगी पाइपाला लावायची, वरून गादी परत आवळायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोणी.

"आख्खं फोल्डिंग आमच्याकडे जेवायला," भाऊराव रंगात आले. "वरनं पांढरं पडायचं. फोल्डिंगचा लोटू म्हणायचा, भाऊराव, आज मीठ जास्त झालं!"

"लोटूकाका कुठे असतात?"

"वारला. टीबी म्हणाले."

अंदाज, दुपारचा.

खात्याचं नाव : बुधवारी जेवणारे. माणसं : विचारायची आहेत. मरतील : रिकामं.

"गाद्या झटकायचं कोण?"

"कुणीच नाही," भाऊराव लगेच म्हणाले.

दुधाची थैली घेऊन आनंदी जिना चढून आली होती. ती उंबऱ्यातच टेकली. "कुणीच नाही कसं? मी झटकायची. वांग्याचं पांढरं पदराने पुसायची तेही मीच. यांना नुसतं खाणं ठाऊक."

"तू गप बैस. बेटा, हिचं नाव नको. मरणाऱ्यांत बायको लिहून देऊ का मी?"

"मग तपासणाऱ्यांत लिही गं." दर दोन शब्दांच्या मध्ये आनंदीला श्वास घ्यावा लागत होता.

"काकू, यादी एकच आहे."

"असू दे. लिही."

प्रज्ञाने भाऊरावांकडे पाहिलं. त्यांनी आनंदीच्या हातातली थैली घेतली, दूध पातेल्यात ओतलं, गॅस पेटवला. पाठमोरेच बोलले.

"आनंदी भाऊराव. लिहिलं?"

"लिहिलं."

"सरलाबाई. किसन. रामदास चलथाणला राहतो आता, तरी लिही." ते थांबले. "लोटूला लिहितात का? गेलेल्यांना?"

"त्यांना आधी," प्रज्ञा म्हणाली. "पुढचं त्यांच्यावरूनच काढायचं असतं."