खोट काढायला गेलेले काटासाहेब

वजनमापांच्या निरीक्षकाला बाजारात कोणी जीव लावत नाही, आणि काटासाहेबांना तर त्यांच्या कचेरीतही कोणी लावत नव्हतं. ते दुकानाची पायरी चढले की दुकानदाराचा हात आपसूक पारड्याखाली जायचा, तिथे काही चिकटवलेलं असेल तर खरवडून काढायला. साहेब पेटीतून पितळेची वजनं काढायचे, मऊ कापडाने पुसायचे आणि एकेक करून तराजूत ठेवायचे. काटा केसभर जरी कलला तरी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं, की ते बघूनच बाजाराने त्यांना हे नाव ठेवलं होतं. पाठीमागे नुसतं काटा. पुढे ते त्यांच्या बायकोच्या कानावर गेलं, तिला ते पटलं आणि घरातही रुळलं.

माणसांच्या बाबतीतही साहेबांची हीच तऱ्हा. शेजारी पोहायला जाऊ लागला, तर साहेब म्हणाले, "पंधरा दिवस." बायकोच्या मैत्रिणीने शिवणाचं मशीन घेतलं, तर म्हणाले, "चांगलं आहे, विकताना किंमत येईल." आणि पंचाईत अशी, की ते बहुतेक वेळा खरं निघायचं. स्वतः साहेबांनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत काहीच सुरू केलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं काही अर्धवटही राहिलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता.

त्यांचा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. धंदा घरं दाखवण्याचा, आवाज रिकाम्या घरात बोलून बोलून मोठा झालेला. दर सहा महिन्यांनी त्याला आयुष्याचा नवा अर्थ सापडायचा. एका रविवारी तो जेवायला आला तो कराटेच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"भाऊजी, माणसाला ध्येय पाहिजे," तो ताटावर बसता बसता म्हणाला. "आणि ध्येयाला कमिटमेंट पाहिजे."

"आणि पांढऱ्या कपड्यांना रुमाल पाहिजे, आमटी सांडेल," साहेब म्हणाले. "किती दिवस झाले?"

"परवा दुसरा क्लास झाला."

"मग तिसऱ्याला जाऊन ये. नंतर ध्येयाचं बघू."

मेहुणा एरवी हसून सोडून द्यायचा. त्या दिवशी त्याला ते लागलं. "भाऊजी, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांचं वजन केलंत. स्वतः कधी पारड्यात बसलात?"

बायको हसली. खुदकन, तोंडावर हात ठेवून, पण हसली. साहेबांनी घास खाली ठेवला.

"येतो मी," ते म्हणाले. "हे सगळं थोतांड आहे हे आत शिरून सांगतो. म्हणजे बाहेरून बोलतो असं कोणाला म्हणायला नको."

क्लास टायरच्या दुकानाच्या वर होता. सकाळी साडेसहाला, आठवड्यातून तीनदा. भिंतीवर सिंह, सूर्योदय आणि जिद्दीची वचनं असणार असं साहेबांनी गृहीत धरलं होतं. भिंतीवर फक्त एक घड्याळ होतं, तेही चार मिनिटं पुढे. ते त्यांनी लगेच टिपलं. शिकवणारी बाई पंचावन्नच्या आसपासची, काटकुळी, पिकलेले केस बारीक कापलेले. दिवसा ती दातांच्या कवळ्या बनवायची, त्यामुळे नखांत प्लास्टरची पांढरी रेघ कायम. तिने साहेबांना उभं राहायला सांगितलं, एक फेरी मारली आणि म्हणाली, "चूक."

"काय चूक?" साहेबांनी विचारलं. हा प्रश्न जन्मभर लोकांनी त्यांना विचारला होता.

"पाय."

"कोणता?"

"दोन्ही."

पहिला महिना नुसतं उभं राहायचं आणि पुढे-मागे सरकायचं. मेहुण्याला हे काही मानवेना. ठोसा नाही, लाथ नाही, फोटो काढावा असं तर काहीच नाही. "बाई जुन्या वळणाच्या आहेत," तो म्हणाला, आणि सहाव्या आठवड्यात बाजारापलीकडच्या काचेच्या दारांच्या क्लासात गेला. तिथे मोठ्याने गाणी लावायचे आणि वर्षभरात काळ्या पट्ट्याची हमी होती.

"झालं ना? जिंकलात," बायको म्हणाली. "आता सोडा."

"त्याचं झालं. बाईंची तपासणी अजून पुरी झालेली नाही."

हे ते मनापासून म्हणत होते. कुठेतरी खोट असणारच, आणि ती सापडेपर्यंत निघायचं नाही, एवढाच त्यांचा हेतू. दर नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात क्लासात पंचवीस माणसं उगवायची. कोणी पाण्याची बाटली एवढी मोठी आणायचा, की जणू वाळवंट ओलांडायचंय. एक नवरा-बायको संसार सावरायला आले आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांना जरा जास्तच जोरात मारताना सापडले. एक बँकेतला रोखपाल दर क्लासनंतर स्वतःचे दंड चाचपायचा. साहेब मागे उभे राहून मनात आकडे लावायचे. हा दहा दिवस, ही तीन आठवडे. उन्हाळा येईतो चार-पाच उरायचे. सगळ्यांचा उत्साह संपायचा. साहेबांकडे उत्साह नव्हताच, त्यामुळे तो संपण्याचा प्रश्न नव्हता. ते यायचे, तोंड वाकडं करून शंभर लाथा मारायचे आणि कचेरीत जायचे. घरी कपडे धुण्याचं मशीन आणि भिंत यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत पुन्हा शंभर. बायको चहाचा कप घेऊन त्यांच्या पायाखालून जायला शिकली.

मेहुण्याला अकराव्या महिन्यात काळा पट्टा मिळाला. त्याने प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत घालून ऑफिसातल्या खुर्चीमागे लावलं आणि त्यानंतर क्लासाकडे फिरकला नाही.

"परीक्षा होती, की पार्सलने आला?" साहेबांनी विचारलं. ते स्वतः तेव्हा पिवळ्या पट्ट्यावर होते.

चौथ्या वर्षाच्या शेवटी बाईंनी साहेबांना काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसवलं. बाहेरून दोन परीक्षक आले. साहेबांचे ठोसे, पवित्रे, हालचालींचे ठरलेले क्रम बिनचूक झाले. शेवटी दोघांची लढत. समोर औषधांच्या दुकानात काम करणारी तिशीची तरुणी, त्यांच्याबरोबरच टिकलेली. तिचा डावा हात खाली घसरतो हे साहेबांनी पहिल्या दहा सेकंदांत हेरलं. घसरला! त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं समाधान पसरलं, आणि ते पसरत असताना तिची टाच त्यांच्या बरगडीवर येऊन बसली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

ती पास झाली. साहेब नापास.

"तिचा हात दर वेळी खाली येत होता," साहेब फणफणत म्हणाले. "मी बघत होतो!"

"बघत होतात," बाई म्हणाल्या. "बघून खूश होत होतात. मारत नव्हतात." आणि त्या घड्याळाकडे बघून कवळ्यांच्या कामाला गेल्या.

बातमी मेहुण्यापर्यंत पोचायला दोन दिवस लागले. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा सातवा वाढदिवस होता. अंगणात पाहुणे, फुगे, खुर्च्या. केक कापून झाल्यावर मेहुण्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊजी, नापास झालात म्हणे? चार वर्षं! चला, दोन हात करू. घाबरू नका, मी सांभाळून घेईन."

पाहुणे हसले. मेहुणा आत जाऊन काळा पट्टा बांधून आला. तो पोटावर बसेना म्हणून पोटाखाली बांधला होता. साहेबांनी चष्मा काढून बायकोच्या हातात दिला. मेहुण्याने ओरडून हात उगारला आणि पुढच्या क्षणी तो कुंड्यांच्या रांगेत बसलेला होता, एक कुंडी फुटलेली, मातीचं ढेकूळ डोक्यावर. कोणी हसलं, कोणी हसू दाबलं. मुलगी रडायला लागली.

परतताना बायको चार पावलं पुढेच चालत राहिली. साहेब मात्र दोन दिवस असे खुशीत होते, की त्यांनी बाजारातल्या एका दुकानदाराला चुकून "छान" म्हटलं. मंगळवारी त्यांनी बाईंना सगळं रंगवून सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "त्याचा सराव सुटून किती वर्षं झाली?"

"तीन तरी."

"दम?"

"पायऱ्या चढला तरी लागतो."

"मुलगी कुठे होती?"

"समोरच."

"वा," बाई म्हणाल्या. "चार वर्षं मी घसा कोरडा केला तो तुम्ही वाढदिवसाला एका दमेकऱ्याला कुंडीत बसवावं म्हणून. पुढच्या क्लासपासून पांढरा पट्टा बांधून शेवटच्या रांगेत उभे राहा. आणि त्या मुलीची माफी मागून या. बापाची नाही मागितली तरी चालेल."

साहेब घरी आले ते धुमसत. वाटेत त्यांनी बाईंना सुनवायची सात वाक्यं तयार केली, सगळी कायदेशीर. क्लास सोडायचा हे नक्की झालं. मग त्यांना दिसलं, की ते गेल्यावर बाई हजेरीच्या वहीत त्यांच्या नावावर रेघ मारतील, आणि ती रेघ बरोबर त्या बाटलीवाल्याच्या आणि दंड चाचपणाऱ्याच्या खाली येईल. ती कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. जळफळत त्यांनी कपाटाच्या तळातून पांढरा पट्टा शोधून काढला.

मुलीकडे ते शनिवारी गेले. ती पायरीवर बसून बाहुलीच्या केसांचा गुंता सोडवत होती. साहेबांना लहान मुलांशी बोलता यायचं नाही. ते उभ्यानेच म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं."

तिने मान वर केली. "काका, बाबा म्हणाले ते मुद्दाम पडले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

साहेबांच्या ओठांवर खरं उत्तर तयार होतं, मापाबरहुकूम, वजनासकट. आत खिडकीच्या पडद्यामागे मेहुणा उभा असल्याचं त्यांना दिसलं. पडदा हलला नाही.

"हो," साहेब म्हणाले. "मुद्दामच पडले ते. मला तेव्हाच कळलं होतं."

नोकरीच्या तेवीस वर्षांत त्यांनी खोट्या वजनावर कधी शिक्का मारला नव्हता. घरी जाईपर्यंत त्यांना तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं वाटत राहिलं.

शेवटच्या रांगेतली दोन वर्षं त्यांना अपमानाची गेली. नव्या माणसांचे जोडीदार म्हणून बाई त्यांनाच उभं करायच्या. हातात गादी धरायची आणि कोणीही यावं आणि कसंही मारावं. पहिले काही महिने साहेबांनी चुकाच मोजल्या. पण तिथे चुकांचा इतका सुकाळ होता, की त्यांची चवच गेली. एका टपाल कारकुनाच्या एका लाथेत अकरा चुका निघाल्या, आणि साहेबांना पहिल्यांदाच बाराव्या चुकीचा कंटाळा आला. मग नाइलाजाने ते माणसाकडे बघू लागले. हा मारण्याआधी श्वास धरतो. ही बिचकते, पण हटत नाही. कारकुनाचं वजन आधी उजव्या टाचेवर जातं, मग लाथ निघते. हे कळलं, की गादी आधीच जागेवर नेता यायची. हे शिकायला आपण काही केलं असं त्यांना वाटलं नाही. कंटाळ्यातून आलं, एवढंच.

सहाव्या वर्षी पुन्हा परीक्षा झाली. समोर तीच औषधवाली, आता काळ्या पट्ट्यात. तिचा डावा हात अजूनही घसरत होता. या वेळी तो घसरायच्या आतच साहेबांचा ठोसा तिथे पोचला होता. दोन गुण तिने घेतले, तीन साहेबांनी. साहेबांच्या चेहऱ्यावर काही पसरलं नाही. त्यांना धाप लागली होती.

बाईंनी पट्टा हातात दिला. "ठीक," त्या म्हणाल्या. परीक्षक टाळ्या वाजवत होते. बाईंनी वाजवल्या नाहीत. पण उतरताना साहेबांना दिसलं, की त्या जिन्यापर्यंत आल्या होत्या. तसं त्या कोणासाठी येत नसत.

पट्टा कोरा, ताठ, पोटावर फळीसारखा. बायकोने फोटो काढला आणि भावाला पाठवला. तासाभरात त्याने तो सगळ्यांना वाटला, खाली मजकूर: "माझ्या भाऊजींना या वाटेवर मी आणलं! तीन वर्षांत काळा पट्टा! ध्येय, जिद्द, कमिटमेंट!" चौऱ्याऐंशी लोकांनी त्याचं अभिनंदन केलं होतं. मेहुण्याचं.

साहेबांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि अंगठ्याने एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं: "तीन नाही, सहा. त्यात एकदा नापास."

बायको खांद्यावरून वाचत होती. "आणि बाकीचं? वाटेवर त्याने आणलं वगैरे? ते नाही खोडणार?"

साहेबांनी मजकूर पुन्हा तपासला. वरून, खालून. कुठेतरी खोट असणारच.

"ते बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. असं वाईट तोंड बायकोने त्यांचं नापास झाले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग ते गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून आडवे झाले आणि म्हणाले, मंगळवारी लवकर उठव.