फ्रिजमधले एकतीस अंश

दवाखान्यात तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात गोड बोलून भागत नाही, असं तिचं ठाम मत. मांजरीला स्वतःची तापाची गोळी भरवून ‘माणसांना चालते ना?’ विचारणारे, कुत्र्याला चॉकलेट देऊन ‘थोडंसंच दिलं हो’ म्हणणारे, अशांना ती झाडायला लागली की जनावराआधी मालकच टेबलाखाली शिरायचा. डॉक्टर तपासायचे, टोचायचे. नोंदी, फोन, औषधं आणि लसींचा फ्रिज हे सगळं तिच्याकडे.

बुधवारी सकाळी ती फ्रिजसमोर उभी राहिली. दारावर एक छोटा थर्मामीटर चिकटवलेला होता, त्याची वायर आत लसींपर्यंत गेलेली. आत्ता किती अंश हे तो दाखवतोच, शिवाय मागचे आकडे पुसल्यापासून पारा कुठपर्यंत चढला होता तेही बटण दाबलं की सांगतो. आत्ता चार होते. तिने बटण दाबलं. एकतीस.

पुन्हा दाबलं. एकतीसच.

लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते. एकतीसमध्ये पडून राहिलेल्या लसीचा भरवसा उरत नाही. टोचल्याचं समाधान तेवढं मिळतं. सोमवार-मंगळवार मिळून याच फ्रिजमधली लस अकरा जनावरांना टोचून झाली होती. आणि बाहेर पार्व्होची साथ होती. रक्ताची हगवण लागून पिल्लं तीन-चार दिवसांत जात होती.

पहिली तोफ डागली गेली ती मावशींवर. मावशी म्हणजे फरशी पुसणाऱ्या, तिच्या आईच्या वयाच्या.

“बघा, बघा इकडे! एकतीस! पुसताना प्लग काढलात ना? किती वेळा सांगितलंय, त्या बोर्डाला हात लावू नका म्हणून!”

मावशींनी आकडा नीट पाहिला, मग फडकं बादलीत टाकलं. “मी नाही लावला हात. आणि तू आधी विचारत जा, मग ओरडत जा. तुझं नेहमी उलटं.”

मावशी खोटं बोलत नसत. ती तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेली.

“फ्रिज एकतीसवर गेला होता.”

“एका रविवारने काही होत नाही,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “आता चार आहे ना?”

“मी वार कुठे सांगितला?”

डॉक्टरांचं पेन थांबलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मग एकेक बाहेर आलं. शनिवारी संध्याकाळी लॅपटॉपला चार्जिंग नव्हतं, म्हणून त्यांनी फ्रिजचा प्लग काढला. पाच मिनिटांसाठी. मग लॅपटॉप घेऊन ते घरी गेले आणि प्लग राहिला तसाच. सोमवारी लवकर येऊन पाहतात तो फ्रिज बंद. त्यांनी प्लग लावला आणि गप्प बसले.

“म्हणजे टोचताना तुम्हाला माहीत होतं.”

“ओरडू नकोस, बाहेर लोक बसलेत. सगळी लस खराब झाली असेल असं थोडंच आहे? आणि हे बाहेर फुटलं तर उद्यापासून इथे कोण येईल? तुझीही नोकरी जाईल, कळतंय का?”

एवढं बोलून ते उठले, फ्रिजपाशी गेले आणि थर्मामीटरचं बाजूचं बारीक बटण दाबून धरलं. आकडे पुसले गेले. आता सगळीकडे चारच.

“कुठे आहेत एकतीस?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा वर्षं या माणसाच्या हातांकडे ती आदराने बघत आली होती. कुत्रीच्या पोटात आडवं अडकलेलं पिल्लू सोडवताना हे हात कधी थरथरले नव्हते. आणि आज तेच हात पोरांनी पाटी पुसावी तसे अकरा जीव पुसत होते. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त आला तो स्वतःचा. कारण ते बटण रोज दाबायचं असतं. ती फक्त बुधवारी दाबायची. सोमवारी चार दिसले, म्हटलं झालं, आणि पुढे गेली. तेव्हा बटण दाबलं असतं तर एकही सुई टोचली गेली नसती.

सोमवारी पहिले आले होते शिंपीकाका, चिंधी नावाच्या पिल्लाला कापडी पिशवीत घालून. त्यांचा आधीचा कुत्रा पार्व्होनेच गेला होता. “आता सोडू ना हिला रस्त्यावर?” त्यांनी तीनदा विचारलं होतं. “शेवटचा डोस झाला. पुढच्या सोमवारपासून खुशाल फिरवा,” हे तिनेच सांगितलं होतं, वर लाडाने चिंधीचा कानही ओढला होता.

तिने फ्रिज उघडला आणि उरलेल्या लसींचे खोके कचऱ्याच्या डब्यात रिकामे केले. मग नोंदवही ओढली आणि फोन उचलला. डॉक्टरांनी फोनवर हात ठेवला.

“पुरावा काय आहे तुझ्याकडे?”

“मी पाहिलेत एकतीस,” दारातून मावशी म्हणाल्या. “मघाशी मला दाखवूनच ओरडली ती. आकडे वाचता येतात मला.”

डॉक्टरांचा हात निघाला.

“चुकलं माझं, मावशी,” ती म्हणाली.

“ते नंतर. फोन लाव.”

शिंपीकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोणी केलं हे?”

“प्लग डॉक्टरांनी काढला. बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही.”

पलीकडची शिलाई मशीनची खडखड थांबली. आणि मग काका सुटले. दुसऱ्यांना शहाणपण शिकवते, स्वतःचा फ्रिज बघता येत नाही? माझा पहिला कसा गेला ठाऊक होतं ना तुला? माझ्या मांडीवर गेला तो! विश्वास ठेवला आणि तुम्ही काय टोचलंत, पाणी? त्यांनी तिचा बाप काढला, डॉक्टरांचा काढला, दवाखान्याला आग लावायला निघाले. तिने फोन कानापासून दूर केला नाही. सकाळपासून ती जिथे-तिथे ओरडली होती, पण ज्याला खरा हक्क होता असा राग तिने आत्ता ऐकला. तिचे डोळे भरून आले तरी ती मध्ये बोलली नाही.

काकांना धाप लागली तेव्हा ती म्हणाली, “नवी लस उद्या सकाळी येते. तोवर चिंधीला घराबाहेर जमिनीवर टेकवू नका. येताना कडेवर आणा. आणि शिव्या उरल्या असतील तर त्याही आणा.”

“उरल्यात,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन आपटला.

तिने पदराने नाक पुसलं आणि दुसरा नंबर लावला.