बेसिकची यादी, कोबॉलची यादी

फक्रुद्दीन मुजावर साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात हंगामी कारकून होता, आणि कॉम्प्युटर तो आपला आपणच शिकला होता. शहाऐंशी साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. चेअरमननी नारळ फोडला, हार घातला, फोटो काढला, आणि मग चार महिने त्यावर प्लॅस्टिकचं झाकण राहिलं, कारण पदवीवाल्या साहेबांना त्याला हात लावायची भीती. फक्रुद्दीननं सोबत आलेलं पुस्तक कोल्हापूरला घरी नेलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, आणि बेसिक नावाच्या भाषेत ऊसतोडणीचा प्रोग्राम लिहिला.

प्रोग्रामचं काम एकच. साडेसहा हजार शेतकऱ्यांच्या लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखा घ्यायच्या आणि ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, अशी यादी छापायची. एवढ्यावर माणसाचं वर्ष अवलंबून असतं. तोड लांबली की उसाला तुरा फुटतो, वजन घटतं, आणि शेतकरी ऑफिसच्या पायऱ्या झिजवतो. पुढचे दोन हंगाम कुणी पायऱ्या झिजवल्या नाहीत. यादी भिंतीवर लागायची. कुणाला शंका आली तर फक्रुद्दीन त्याला आत बोलवायचा आणि पडद्यावर अख्खा प्रोग्राम ओळीनं दाखवायचा. ही तारीख, ही दुसरी तारीख, लहान ती वर. इंग्रजी न कळणाऱ्यालाही एवढं कळायचं की यात कुणाचं नाव नाही.

चेअरमन बाळासोंच्या मेव्हण्याचा ऊस यादीत चार हजारांच्या पुढं गेला, तेव्हा शेतकी ऑफिसर म्हणाले, "जरा वर घे की रं."

"घेतो की. पर प्रोग्राममधी त्यांचं नाव घालाय लागतंय. मग ते समद्यांना दिसंल."

नाव वर गेलं नाही. ऑफिसरचं तोंड मात्र हंगामभर कडू होतं.

तिसऱ्या हंगामाआधी पुण्याच्या एका कंपनीचा नृसिंह नावाचा माणूस आला. टाय लावलेला, बोलायला गोड. म्हणाला, बेसिक ही शाळेतल्या मुलांची भाषा, कारभार चालवायचा तर कोबॉल. बाळासोंनी फक्रुद्दीनला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला.

"फक्रू, हितं तुझ्याइतकं कुणाला कळतंय? दोन्ही भाषा ताडून बघ. चांगली कुठली, खरं खरं लिवून दे. पक्षपात नको."

चेअरमनच्या तोंडून "पक्षपात नको" ऐकल्यावर शहाण्या माणसानं चपला हातात घेऊन पळत सुटावं. फक्रुद्दीन शहाणा नव्हता, हुशार होता.

नृसिंहनं दिलेलं कोबॉल शिकून घेत आठ दिवस त्यानं जीव ओतून तुलना केली. बेसिक म्हणजे एस्टी स्टँडवरचं बोलणं. प्रत्येक ओळीला नंबर, आणि हुकूम कसला तर इथून ऊठ, दोनशे दहाला जा. चारशे ओळींनंतर लिहिणाऱ्यालाच आपण कुठं चाललोय ते कळत नाही. कोबॉल म्हणजे लग्नपत्रिका. आधी कुलदैवत, मग आजोबा-पणजोबा, मग निमंत्रक, आणि नवरा-नवरी शेवटी. लिहिताना हात मोडतो, पण कोण कुणाचा कोण ते पक्कं कळतं. आणि वेग? तीच यादी लावायला त्याच्या बेसिकला दोन तास चाळीस मिनिटं लागली. कोबॉलला अकरा मिनिटं. फक्रुद्दीननं घड्याळ लावून तीनदा बघितलं. आकडा त्यानं आहे तसाच लिहिला.

अहवालात त्यानं सही करून लिहिलं, कोबॉल सरस. खाली एकच अट घातली. कोबॉलचा प्रोग्राम आधी यंत्राच्या भाषेत बदलतात, मग तो माणसाला वाचता येत नाही. म्हणून मूळ लिखाण कारखान्यात राहावं.

घरी बायको मेहमुदा म्हणाली, "तुमी तुमचंच पोर नापास केलं?"

"खरं हुतं ते लिवलं."

"खरं कुनी मागितलंतं?"

संचालक मंडळानं अहवाल एकमतानं मंजूर केला. अटीवर नृसिंह हसून म्हणाला, मूळ लिखाण ही कंपनीची मालमत्ता. अट गेली, कोबॉल राहिलं.

पहिली यादी अकरा मिनिटांत निघाली. मेव्हण्याचा नंबर नववा. फक्रुद्दीननं प्रोग्राम उघडून बघितला तर पडद्यावर नुसत्या चौकोनी खुणा आणि कचरा. त्यानं नृसिंहला गाठलं.

"तारखेशिवाय दुसरं काय बघतंय हे?"

"अग्रक्रम म्हणून एक रकाना आहे. तो चेअरमनसाहेबांकडून भरून येतो. भाषेत काही दोष नाही हं. तुम्हीच तसं लिहून दिलंयत."

आठवड्यानं आकाराम चौगुले खिडकीशी आला. म्हातारा, आडसाली म्हणजे पावसाळ्यातली लवकरची लागण, आणि नंबर तीन हजारांच्या पुढं.

"फक्रू, माझा ऊस उभ्यानं वाळाय लागलाय. ह्ये कुनी काढलं?"

काय सांगायचं ते वरून ठरवून दिलेलं होतं. कॉम्प्युटरनं काढलं, म्हणायचं. फक्रुद्दीन म्हणाला, "मानसानं काढलंय. थांबा दादा, खरी यादी देतो."

त्यानं भर ऑफिसात आपला जुना प्रोग्राम लावला. दोन तास चाळीस मिनिटं आकाराम बाहेर शेंगा फोडत बसला. कागद निघाला. आकारामचा नंबर दोनशे अठरा.

"घ्या. चार मानसांत वाचा. सगळ्यांचं नाव हाय ह्यात."

"वाचतो की," आकाराम म्हणाला आणि कागदाची घडी टोपीत खोवली.

चौथ्या दिवशी ऑफिसरनी फक्रुद्दीनला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. त्याचा प्रोग्राम आधीच पुसला होता. तो डबा घेऊन फाटकाबाहेर एस्टीची वाट बघत उभा राहिला, तेव्हा उसानं भरलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरशेजारी आकाराम. त्यानं गाडी थांबवायला लावली.

"बस वर. काट्यावर वजन करून मग सोडतो तुला स्टँडवर."

"कागद वाचला?"

"चेअरमनला न्हेऊन दावला. मानूस मोकळा हाय बघ. म्हनला, ह्ये हितंच ठेवा. दुसऱ्या दिशी तोडणीची टोळी दारात."

"आनी बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं मी काय करू? ज्यानं त्यानं बघावं."

"तुमच्या आधी दोनशे सतरा जन हुते त्या यादीत."

"व्हय, बघितलं की. माझ्या शेजारची लालबी बी हुती. एकशे नव्वद नंबर तिचा."

"सांगितलं तिला?"

आकारामनं ड्रायव्हरला हातानं चल म्हणून खूण केली.

"तिनं इच्यारलं न्हाय," तो म्हणाला.