दातांच्या दवाखान्यातला दगड

मी दगड बोलतोय. हसू नका. तुमच्यात कुणाला अक्कल नसली की तुम्ही त्याला माझंच नाव देता, हे मला पक्कं ठाऊक आहे. दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत माझा मुक्काम. आईबाप ताटकळले की पोरांना काय काय म्हणतात, ते सगळं ऐकलंय मी.

माझा जन्म समुद्रातला. अंगाला भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोकात डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचं बिऱ्हाड. मासे पाण्यात जी घाण करतात ती हे बिऱ्हाडकरू गुपचूप खाऊन टाकतात. ती तशीच राहिली तर तिचं विष होतं. बिचारे कधी भांडत नाहीत, कौतुकही मागत नाहीत.

डॉक्टर आणि डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला तेव्हा खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी आणली. तिच्यात सगळ्यात आधी आलो मी. मग माझे भाऊबंद, मग पट्ट्यापट्ट्यांच्या केशरी माशांचं जोडपं आणि एक लाल कोळंबी. ही कोळंबी माशांच्या तोंडात शिरून तोंड साफ करून द्यायची. भूल नाही, अपॉइंटमेंट नाही, आणि पेशंट कधी खुर्चीचे हात धरून बसला नाही. दवाखान्यात खरी निष्णात डॉक्टर तीच, असं माझं मत.

डॉक्टर मनाने चांगले हो, पण स्वच्छतेचा भारी सोस. पेशंटने सही केली की पेन पुसायचं, मग पेन पुसलेले हात धुवायचे, मग नळ पुसायचा. दवाखाना चांगला चालायला लागला तशी त्यांनी भिंतभर लांबीची नवी टाकी घेतली. माशांना जरा ऐसपैस व्हावं म्हणून, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. माशांना कुणी विचारलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी घर बदललं. मासे आणि कोळंबी बादलीत गेली आणि आम्ही दगड टेबलावर आलो. आमच्या अंगावरचा हिरवट-जांभळा थर बघून डॉक्टरांनी नाक मुरडलं. थर दिसला की काढायचा, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं. माझे भाऊबंद एकेक करून बेसिनमध्ये गेले. आधी ब्रश, मग जंतुनाशक, मग कढत पाणी. बाहेर आले ते पांढरेशुभ्र, कवळीसारखे. बिऱ्हाडं सगळी साफ. मला रडू आलं, पण आधीच ओला असल्याने कुणाला कळलं नाही.

मी वाचलो तो माझ्या रूपामुळे. हा काही साफ व्हायचा नाही, टाकून दे, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरीणबाईंना टाकवेना. दोघांनी मिळून जुन्या टाकीत सोडलेली पहिली वस्तू मीच होतो. त्यांनी जुनं पाणी बादलीत भरलं, हवेची नळी सोडली आणि मला काउंटरखाली ठेवलं.

नवी टाकी काय झगमगत होती म्हणून सांगू. नवं पाणी, नवी वाळू, निळा दिवा. पेशंट वा वा करत होते आणि डॉक्टर आपल्यालाच बाळ झाल्यासारखे हसत होते. मग एका सकाळी कोळंबी आडवी पडलेली दिसली. दोघं मासे वर येऊन धापा टाकायला लागले. यावर डॉक्टरांनी उपाय काय केला? टाकी आणखी घासली.

संध्याकाळी ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसले.

"अगं, सगळं इतकं स्वच्छ केलंय, मग यांना झालंय तरी काय?"

"स्वच्छ केलंय, तेच झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुन्या टाकीत आपण कधी दगड घासले होते का? मासे मजेत होते की तिथे. आणा त्यांना इकडे, बादलीत."

बाह्या सरसावून डॉक्टरांनी दोघांना अलगद माझ्याशेजारी आणून सोडलं. मादी माझ्या अंगाला टेकून राहिली. नर तर हलतही नव्हता. जगतील की नाही, मलाही सांगता आलं नसतं.

मग काय थाट! भिंतभर टाकी निळ्या दिव्यात रिकामी, आणि तिचे मालक बादलीत. पेशंट बादलीत डोकावून विचारायचे. काम चालू आहे, असं डॉक्टर घाईघाईने सांगायचे. डॉक्टरीणबाई रोज थोडं पाणी बदलायच्या. हळूहळू नर हलला, मग खायला लागला. त्या दिवशी डॉक्टरांनी हात धुवायचे विसरून पुढचा पेशंट आत बोलावला होता. डॉक्टरीणबाईंनी हात धुवायला परत पाठवलं त्यांना.

पुढे मला मोठ्या टाकीत सोडलं, पाणी पुन्हा पुन्हा तपासलं आणि मगच मासे आले. मला ठेवलंय मागच्या कोपऱ्यात, फोटोत येऊ नये म्हणून. चालायचंच. माझी बिऱ्हाडं आता शेजारच्या पांढऱ्या भाऊबंदांकडे राहायला निघालीत. त्यांच्या अंगावर हिरवी झाक आली आहे. कोळंबीची जागा मात्र रिकामीच आहे, आणि माशांची तोंडं बघायला कुणी नाही.

ती हिरवी झाक परवा डॉक्टरांच्या नजरेला पडली. ब्रश घेऊन उभे राहिले. आतून डॉक्टरीणबाई नुसतं "अहो" म्हणाल्या, आणि ब्रश खिशात गेला.

रोज काही त्या आत असतील असं नाही. म्हणून नसलेले हात जोडून सांगतो, डॉक्टर, अख्ख्या जगाचे दात घासा. आम्हाला तेवढं मळकं राहू द्या.