समज

“इस्तारी अजून मारतो का गं?” इंदुताईंनी विचारलं आणि डिंपलला ‘लिही’ अशी खूण केली. उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

“नाई बाई,” गोकुळा म्हणाली. “तुमी सांगतलं तवापासून मारलं नाई.”

चिमूरपलीकडच्या या गावात, मासे धरणाऱ्या ढिवराच्या या अंगणात इंदुताई बावीस वर्षांनी आल्या होत्या. घरातली मारहाण हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. पुढे चंद्रपूरच्या कॉलेजात कुटुंब-समुपदेशन शिकवण्यात सगळी नोकरी गेली. दर वर्षी पहिल्या तासाला त्या याच जोडप्याची गोष्ट सांगत. बावीस वर्षांपूर्वी गोकुळाच्या नवऱ्याला, इस्तारीला, समोर बसवून त्यांनी बजावलं होतं, “मारायचं नाही. काही चुकलं तर समज द्यायची.” आणि गड्यानं ऐकलं. अभ्यासातल्या बाकीच्या अडीचशे घरांचं काय झालं देव जाणे, पण हे एक घर सावरलं, एवढ्या भरवशावर बाई निवृत्तीपर्यंत पोचल्या होत्या. शेवटच्या महिन्यात लाडक्या विद्यार्थिनीला, डिंपलला, ते घर दाखवायला घेऊन आल्या होत्या.

“मग तुझं काही चुकलं तर काय करतो?”

“समज देते तो.”

“बघ,” इंदुताई डिंपलला म्हणाल्या. “संवादाच्या रकान्यात खूण कर.”

डिंपलनं केली नाही. ती ब्रह्मपुरीकडची, ही बोली तिच्या घरचीच. शिवाय गोकुळा दर प्रश्नाला उजवा कान पुढे करते, हे ती मघापासून पाहत होती.

“मावशी, कायनं समज देते?”

“हातानं. कधी डोंग्याच्या बांबूनं.” गोकुळानं डाव्या कानाला हात लावला. “हा त्याच्यातच गेला. पन मारत नाई हं. बाईनं सांगतलं हाये ना.”

‘कायनं’ हा एवढासा प्रश्न इंदुताईंनी कुणालाच विचारला नव्हता. किती बायांच्या फॉर्मवर त्यांनी संवादाची खूण केली होती, ते आता आठवायचीही भीती वाटली.

तेवढ्यात इस्तारी तळ्यावरून आला. बाईंना पाहून त्यानं ओले हात जोडले. “बाई, तुमचा शबुद मोडला नाई म्या.” पळसाच्या पानांत मासोळ्या बांधून त्यानं पुडा बायकोजवळ ठेवला आणि जाळं वाळवायला पुन्हा तळ्याकडे गेला.

इंदुताई गोकुळाच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. खाली मान घालून म्हणाल्या, “माझं चुकलं, गोकुळा.”

गोकुळा तळ्याकडे पाहत राहिली. डिंपलनं वही मिटली. मग गोकुळाचं बाईंकडे लक्ष गेलं, तिनं उजवा कान वळवला.

“काय म्हनलं, बाई?”

पुन्हा म्हणायचं धैर्य इंदुताईंना झालं नाही.

“काही नाही. निघतो आम्ही.”

“मासोऱ्या न्या मंग,” गोकुळा म्हणाली, आणि तिनं पुडा दोन्ही हातांनी पुढे केला.