‘येते’ लिहिलेली चिठ्ठी

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी चिमणी आमच्या घरी राहायला आली. खरं नाव लांबलचक, आमच्या जिभेला न पेलणारं. दोन विमानं बदलून एम. ए. करायला आलेली परदेशी पोर. मी विद्यापीठात तिच्याच विभागाची झाडलोट करायचे, हे वसतिगृहाच्या फाटकावर पहाऱ्याला असायचे. धाकटीची खोली रिकामी झाली होती, ती चिमणीला दिली.

तिला आमची भाषा हवी होती आणि मला अक्षरं. मग एकाच अंकलिपीवर आम्ही दोघी बसलो. तिचं बोलणं मी सुधारायचे, माझं लिहिणं ती.

सकाळी निघताना ती म्हणायची, “मावशी, जाते.”

“जाते काय? येते म्हणावं!”

“पण मी तर जातेय.”

“तरी येतेच म्हणायचं.”

हे चहा पिता पिता म्हणायचे, “भाषा शिकवतेयस की खोटं बोलायला?”

दोन वर्षं सरत आली. परदेशी मुलांनी पुढं कुठं शिकायचं, ते ठरवायला मदत म्हणून विभागाचे माजी विद्यार्थी दर शनिवारी यायचे. त्यांत एक बाई होत्या, बाहेर बारा वर्षं काढून आलेल्या. खुर्च्या मी लावायचे, म्हणून सगळं कानावर पडायचं. बाई म्हणायच्या, “विद्यापीठाचं नाव नंतर बघ. ज्यांच्या हाताखाली काम करणार, त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले ते विचार.”

“सुटले? तुरुंग आहे का?” चिमणी हसली.

“तिसऱ्या वर्षी कळेल.”

चिमणीपुढं दोन जागा होत्या. एक इथलीच, याच विभागात. दुसरी पार उत्तरेला, जिथं हिवाळ्यात दुपारीच दिवे लावतात. परीक्षा संपवून ती आईवडलांकडे जाणार होती आणि तिथूनच उत्तर कळवणार होती.

शेवटच्या शनिवारी खुर्च्या आवरताना मी बाईंना गाठलं. “इथंच राहा म्हणून सांगा ना तिला. तुमचं ऐकेल.”

“तिच्यासाठी सांगू की तुमच्यासाठी?”

मी फडकं पिळत राहिले.

“तिचा विषय शिकवणारं इथं आता कुणी उरलं नाही, मावशी. तिथं आहेत. तेवढंच सांगितलंय. ठरवेल ती.”

मंगळवारी आम्ही दोघं कामावर असताना तिची गाडी आली. संध्याकाळी उशीवर चिठ्ठी सापडली. कुणाच्या मदतीशिवाय मी वाचलेली ती पहिली चिठ्ठी.

‘मावशी, काका, मी येते.’

“येते म्हणतेय! इथलीच जागा घेतली पोरीनं!” मी ओरडलेच.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीची कडी बदलली, टेबलाचा डुगडुगणारा पाय पक्का केला. दर रविवारी गादीला ऊन दाखवायला लागले.

नवं सत्र सुरू झालं तरी तिचा पत्ता नाही. बाईंना विचारलं तर त्या चकित झाल्या. “ती उत्तरेला गेली ना! तुमचा निरोप घेतला म्हणाली.”

मी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग हळूच विचारलं, “मावशी, निघताना काय म्हणायचं ते तिला कुणी शिकवलं?”

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठले, खिडकीची नवी कडी लावून आले. मग म्हणाले, “पक्की शिकली म्हणायची.” जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “खोली मात्र कुणाला द्यायची नाही. येते म्हणालीय ना?”

गादीला ऊन दाखवणं काही थांबलं नाही. तिची पत्रं यायची, मी मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘येते’ असायचं आणि हे माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

चौथ्या वर्षी मे महिन्यात तिचं पत्र आलं. ‘सुटले, मावशी. जूनच्या सहा तारखेला येते.’ खाली विमानाची वेळ होती, तेव्हा या खेपेला अर्थ एकच होता.

ते पत्र मी मनातल्या मनात वाचलं. हे त्याच वर्षी एकोणीस मार्चला, मंगळवारी सकाळी वारले.